हुसेनाबादचा मुदपाकखाना आणि घड्याळाचा मनोरा

लखनौच्या जिल्हाधिकाऱ्याकडे पदसिद्ध म्हणून जी अनेक अध्यक्षपदे येतात, त्यांत एक ‘हुसेनाबाद अँड अलाइड ट्रस्ट’ या विश्वस्त संस्थेचे आहे. शहरातील मोठा आणि छोटा इमामबाडा, त्यांच्याभोवतालच्या वास्तू, तलाव, दुकाने आणि जमिनी यांची व्यवस्था ही संस्था पाहते. याच संस्थेच्या कारभारात एक मुदपाकखानाही आहे. रमजानच्या महिन्यात छोट्या इमामबाड्याच्या या शाही स्वयंपाकघरातून गरजूंना शिजवलेले अन्न विनामूल्य दिले जाते आणि काही मशिदींत उपवास सोडण्यासाठी इफ्तारीचे पदार्थ पोहोचवले जातात. रोटी, डाळ, बटाट्याचे सालन असे ते साधे जेवण असते. मोहरमच्या दिवसांतही असेच वाटप होते.

ही शासनाची योजना नाही. या खर्चासाठी उत्तर प्रदेशाच्या अर्थसंकल्पात लेखाशीर्ष शोधू गेल्यास ते सापडणार नाही. अवधच्या एका राजाने पावणेदोनशे वर्षांपूर्वी जी संपत्ती बाजूला काढून ठेवली, तिच्या उत्पन्नातून हे अन्न शिजते. ते शिजवून घेण्याची जबाबदारी मात्र आज भारतीय प्रशासन सेवेतील एका अधिकाऱ्यावर आहे. राजा गेला, राज्य गेले, ते राज्य खालसा करणारी कंपनी गेली, कंपनीनंतरचे साम्राज्यही गेले. स्वयंपाकघर राहिले. ते कसे राहिले आणि मधल्या काळात त्याच्या पैशाचे काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

रमजान आणि अन्नदान

मराठी वाचकाला अन्नछत्र, सदावर्त, शिधा हे शब्द परिचित आहेत. इस्लामी परंपरेत त्यांच्याशी मिळतीजुळती जी व्यवस्था आहे, तिचा रमजानशी विशेष संबंध आहे. आजारपणामुळे वा वार्धक्यामुळे ज्याला उपवास करणे शक्यच नाही, त्याने चुकलेल्या प्रत्येक दिवसापोटी एका गरिबाला जेवू घालावे, असा नियम खुद्द कुराणात आहे. त्यास ‘फिदिया’ म्हणतात. ईदच्या नमाजापूर्वी प्रत्येक कुटुंबाने माणशी ठराविक मापाचे धान्य अथवा त्याची किंमत गरिबांना द्यावयाची असते, तो ‘फित्रा’. दुसऱ्याचा उपवास सोडवणाऱ्यास उपवास करणाऱ्याइतकेच पुण्य लाभते, अशी श्रद्धा आहे. दिवसभर स्वतः उपाशी राहिल्यावर उपाशी माणसाची आठवण ठेवणे या महिन्याच्या रचनेतच अंतर्भूत आहे.

व्यक्तीचे दान त्या व्यक्तीबरोबर संपते. ते पिढ्यान्‌पिढ्या चालावे यासाठी जी कायदेशीर रचना विकसित झाली, ती म्हणजे वक्फ. दाता आपली मालमत्ता ईश्वराच्या नावे कायमची बांधून ठेवतो. तिची विक्री होत नाही, वारसांत वाटणी होत नाही. तिचे उत्पन्न दात्याने लिहून दिलेल्या कामावरच खर्च करावयाचे असते. व्यवस्थापकास मुतवल्ली म्हणतात. तो मालक नव्हे, राखणदार असतो.

या रचनेत किती बारकाईने विचार होत असे, याचे उत्तम उदाहरण जेरुसलेम येथे आहे. ऑटोमन सुलतान सुलेमान याची पत्नी हुर्रेम सुलतान हिने सोळाव्या शतकाच्या मध्यास तेथे एक अन्नछत्र स्थापन केले आणि त्याच्या खर्चासाठी पॅलेस्टाईनमधील गावांचे उत्पन्न लावून दिले. तेथील कर्मचारी आणि निवासी यांच्याखेरीज ४०० गरिबांना दिवसातून दोनदा रस्सा व पाव मिळावा, असे दानपत्रात नमूद होते. एरवी सकाळी तांदळाची आणि संध्याकाळी गव्हाच्या भरड्याची पेज असे. शुक्रवारच्या आणि रमजानच्या रात्री मात्र मटण घातलेला भात व केशर-मधाचा गोड भात करावा, अशी तरतूद होती. गरिबाच्या ताटात सणाच्या दिवशी सणासारखे काही पडावे, हे दात्रीने दानपत्रातच लिहून ठेवले होते. त्या अन्नछत्राच्या जमाखर्चाच्या वह्या इतिहासकारांना उपलब्ध झाल्या आहेत. औदार्याचा इतिहास बऱ्याच अंशी हिशेबाच्या वह्यांचाच इतिहास असतो, याची खात्री त्या पाहून पटते.

दुष्काळातील लंगर

हिंदुस्थानातही राज्यकर्त्यांनी चालवलेल्या स्वयंपाकघरांची परंपरा जुनी आहे. अकबराने १५८३ च्या सुमारास गरिबांना जेवू घालण्यासाठी मुसलमानांसाठी खैरपुरा आणि हिंदूंसाठी धरमपुरा अशी ठिकाणे उभारली व पुढे जोग्यांसाठी जोगीपुरा काढला, असे बदायुनी लिहितो. तुकाराम महाराजांच्या चरित्रात ज्या दुष्काळाचा उल्लेख येतो, त्याच १६३०–३२ च्या दुष्काळात शाहजहानचा मुक्काम बुऱ्हाणपूरला होता. बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत येथे लंगर उघडण्याची आज्ञा त्याने दिली. बुऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रुपये याप्रमाणे २० सोमवारांत एक लाख रुपये वाटण्यात आल्याची नोंद दरबारी इतिहासात आहे. दख्खन व गुजरातेत त्या वर्षी झालेल्या मनुष्यहानीच्या मानाने ही मदत अत्यल्प होती, हे आधुनिक इतिहासकारांनी दाखवले आहे.

लखनौची गोष्ट याच परंपरेतून सुरू होते. १७८३–८४ मध्ये उत्तर हिंदुस्थानात ‘चालीसा’ नावाने ओळखला जाणारा भीषण दुष्काळ पडला. विक्रम संवत १८४० मध्ये पडला म्हणून चालीसा. या दुष्काळात १७८४ साली नवाब आसफउद्दौला याने मोठ्या इमामबाड्याचे बांधकाम काढले. हेतू दुहेरी होता. धर्मस्थान उभे राहावे आणि उपाशी लोकांना मजुरी मिळावी. दिवसा उभारलेल्या बांधकामाचा काही भाग रात्री पाडला जाई व काम मागताना संकोचणाऱ्या घरंदाज माणसांनाही अंधारात मजुरी करता येई, अशी दंतकथा लखनौत सांगतात. दंतकथेला पुरावा मागू नये. पण मदत घेणाऱ्याची लाज राखणे हा मदतीचाच भाग आहे, ही त्या समाजाची धारणा तिच्यातून कळते. आपल्या रोजगार हमीच्या चर्चांत हा मुद्दा क्वचितच येतो.

मुहम्मद अली शाहची तजवीज

१८३७ च्या जुलै महिन्यात अवधचा राजा नसीरुद्दीन हैदर मरण पावला. त्याच रात्री पादशाह बेगमने मुन्ना जान या तरुणाला गादीवर बसवले. कंपनीचा रेसिडेंट कर्नल जॉन लो याने फौज आणून, तोफा डागून राजवाडा ताब्यात घेतला आणि मृत राजाचा वृद्ध चुलता मुहम्मद अली शाह यास राज्याभिषेक केला. गादी कोण देतो आणि किती सहज काढून घेतो, हे या राजाने पहिल्याच दिवशी पाहिले होते.

त्याने १८४२ पर्यंत राज्य केले. हुसेनाबादचा छोटा इमामबाडा, समोरचा तलाव आणि अपुरा राहिलेला सातखंडा मनोरा ही त्याची बांधकामे आहेत. या वास्तूंची निगा, मोहरमचे विधी, रमजानमधील अन्नदान आणि इतर धर्मादाय कामे यांसाठी त्याने निधी बाजूला काढला. तो निधी त्याने जमिनीत न गुंतवता ईस्ट इंडिया कंपनीच्या कर्जरोख्यांत ठेवला. मूळ रकमेला हात न लावता व्याजावर कारभार चालावा, अशी ती योजना होती.

ही अवधची एक रूढ पद्धत होती. त्याच्या आधीच्या राजांनी कंपनीला मोठमोठी कर्जे दिली होती आणि त्यांचे व्याज आपल्या नातलगांना व आश्रितांना पिढ्यान्‌पिढ्या मिळावे, अशी बोली करून घेतली होती. त्यातून ‘वसिका’ नावाची निवृत्तिवेतने निर्माण झाली आणि लखनौत वसिका कार्यालय आजच्या काळापर्यंत टिकले. इराकमधील नजफ व करबला येथील धर्मपंडितांकडे जाणारी ‘अवध देणगी’ हीदेखील १८२५ च्या अशाच एका कर्जातून उत्पन्न झाली.

पुढील घटनांनी या तजविजीचे मोल दाखवून दिले. १८५६ साली लॉर्ड डलहौसीने अवध खालसा केले. वाजिद अली शाहची रवानगी कलकत्त्यास झाली. १८५७ च्या युद्धात लखनौ उद्ध्वस्त झाले. मोठा इमामबाडा आणि त्याची मशीद इंग्रज फौजेच्या ताब्यात गेली. जहागिरी जप्त झाल्या, सनदा रद्द झाल्या. कंपनीच्या कागदावरचा पैसा मात्र वाचला. ज्या सत्तेने राज्य गिळले, तिच्याच कर्जरोख्याने राजाचा मुदपाकखाना राखला. कर्ज बुडवल्यास बाजारात पत जाते; राज्य बुडवल्यास जात नाही. मुहम्मद अली शाहला हे उमगले होते, असा तर्क करण्यास जागा आहे.

मनोऱ्याचा खर्च

पैसा वाचला, तरी तो कोणत्या कामावर खर्च व्हावा, हा प्रश्न सुटला नव्हता. १८६३ च्या कायद्याने (१८६३ चा २० वा) सरकारने मंदिरे, मशिदी व धार्मिक देणग्यांच्या प्रत्यक्ष व्यवस्थापनातून अंग काढून घेण्याचे धोरण स्वीकारले होते. हुसेनाबादची गोष्ट निराळी ठरली. या देणगीसाठी १८७८ मध्ये ‘हुसेनाबाद एन्डाउमेंट अ‍ॅक्ट’ (१८७८ चा १५ वा) हा स्वतंत्र कायदा करण्यात आला, आणि लखनौचे प्रशासन व ही संस्था यांचे नाते घट्ट होत गेले.

१८८१ ते १८८७ या काळात छोट्या इमामबाड्याजवळ एक घड्याळाचा मनोरा उभा राहिला. आराखडा रिचर्ड रॉस्केल बेन याचा. उंची सुमारे ६७ मीटर. वायव्य प्रांत व अवध यांचा एकत्रित कारभार पाहणारा पहिला लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉर्ज कूपर याच्या स्मरणार्थ तो बांधण्यात आला. खर्च सुमारे पावणेदोन लाख रुपये झाला आणि तो हुसेनाबादच्या निधीतून करण्यात आला.

मनोरा देखणा आहे, यात शंका नाही. आज तो लखनौची ओळख बनला आहे. तरीही दानपत्राच्या अंगाने पाहिले, तर मोहरमसाठी, वास्तूंच्या निगेसाठी आणि गरिबांच्या अन्नासाठी ठेवलेल्या पैशातून एका इंग्रज अधिकाऱ्याचे स्मारक उभे राहिले, हे विसरता येत नाही. येथे अफरातफर झाली नाही. खर्च मंजूर झाला, हिशेब ठेवला गेला, काम पुरे झाले. नियमानुसार मंजूर झालेला खर्चही विश्वासभंग असू शकतो, हे या प्रकरणाचे सार आहे. प्रशासनात काम करणाऱ्याने ते विशेष लक्षात ठेवावे. कारण आपली सर्व शिस्त मंजुरी, निविदा आणि लेखापरीक्षण यांभोवती बांधलेली आहे, आणि या तिन्ही चाळण्यांतून मनोरा सुखरूप पार पडतो.

हुगळी आणि पुणे

असा प्रकार लखनौतच घडला असे नाही. बंगालमधील हुगळीचे हाजी मुहम्मद मोहसीन यांनी १८०६ साली आपली मालमत्ता वक्फ केली. उत्पन्नाचे नऊ भाग करून त्यांतले तीन इमामबाडा, मोहरम व इतर धर्मकार्यांसाठी, चार नेमणुका व निवृत्तिवेतनांसाठी आणि दोन मुतवल्लींसाठी, अशी विभागणी त्यांनी करून दिली. १८१२ मध्ये ते वारले. मुतवल्लींनी गैरव्यवहार केला, तेव्हा सरकारने त्यांना दूर करून कारभार हाती घेतला. खटला लांबत गेला, शिल्लक साचत गेली, आणि तिच्या बळावर १८३६ मध्ये हुगळी कॉलेज निघाले. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय याच कॉलेजात शिकले. कॉलेजात मुसलमान विद्यार्थी मात्र अत्यल्प होते. विल्यम हंटर याने १८७१ मध्ये या गोष्टीवर कडक टीका केली आणि १८७३ मध्ये हा निधी मुसलमानांच्या शिक्षणाकडे वळवण्यात आला.

हुगळीचे उदाहरण लखनौपेक्षा अवघड आहे. स्मारकाच्या मनोऱ्याविषयी मत बनवणे सोपे. ज्या कॉलेजातून बंकिमचंद्र बाहेर पडले, त्याविषयी काय म्हणावे? परिणाम चांगला झाला म्हणून दात्याला दिलेला शब्द मोडणे क्षम्य ठरते काय? माझ्या मते, परिणामाचे माप लावले तर प्रत्येक पिढीतील अधिकारी आपल्या काळाची आवडती योजना दात्याच्या माथी मारेल. तेव्हा कॉलेज होते, उद्या दुसरे काही असेल.

आपल्याकडील समांतर उदाहरण पुण्याच्या दक्षिणेचे आहे. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. १८१८ नंतर एल्फिन्स्टनने ती एकदम बंद केली नाही. तिचा काही भाग १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. पुढे १८४९ च्या सुमारास लोकहितवादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्ज केला की, हा पैसा मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्च व्हावा. त्यातून दक्षिणा प्राइज कमिटी निर्माण झाली. येथे बदल त्या समाजातील माणसांनी उघडपणे मागितला आणि त्यावर पुण्यात मोठे रणकंदन माजले. शिवाय ती दक्षिणा राज्याच्या खजिन्यातून चालत आलेला खर्च होती, कायमची बांधलेली विश्वस्त ठेव नव्हती. हुगळी आणि लखनौ येथे हे दोन्ही फरक आढळत नाहीत. निर्णय वरून आला, आणि पैसा दुसऱ्याचा होता.

१९५४ चा निवाडा

दात्याच्या हेतूबाबत स्वतंत्र भारताची भूमिका ज्या निवाड्याने स्पष्ट केली, तो आपल्याच जुन्या मुंबई राज्यातून आला. ‘रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य’ (१९५४) या प्रकरणात १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाला आव्हान देण्यात आले होते. न्या. बिजनकुमार मुखर्जी यांनी दिलेल्या निकालात नोंदणी, हिशेब, लेखापरीक्षण यांसंबंधीच्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवल्या. विश्वस्तांना हिशेब द्यावा लागेल, हे तत्त्व मान्य झाले. परंतु दात्याचा मूळ हेतू पार पाडणे शक्य असतानाही धर्मादाय आयुक्ताला वा न्यायालयाला दुसरे काम अधिक इष्ट वाटते, एवढ्या कारणावरून धार्मिक संस्थेचा निधी अन्यत्र वळवता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. धार्मिक संस्थेवर धर्मादाय आयुक्तालाच विश्वस्त नेमण्याची तरतूदही अवैध ठरली.

या कसोटीवर घड्याळाचा मनोरा टिकला नसता. १८८१ मध्ये लखनौत इमामबाडा होता, मोहरम होते, रमजान होता आणि उपाशी माणसेही होती. मूळ हेतू अशक्य झाला होता, असे कोणालाच म्हणता आले नसते.

हा निवाडा अधिकाऱ्याला दोन गोष्टी एकाच वेळी सांगतो. हिशेब मागण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे. पैसा कशावर खर्च व्हावा, हे ठरवण्याचा नाही.

शासनाच्या खर्चाने दिलेला तांदूळ

याच्या उलट टोकाचे उदाहरण तमिळनाडूचे आहे. चेन्नईत वा कोइम्बतूरला राहिलेल्या मराठी वाचकांनी ‘नोन्बु कंजी’ चाखली असेल. तांदूळ, डाळ, मेथी, नारळाचे दूध घालून शिजवलेली ही पेज रमजानमध्ये तेथील मशिदींत उपवास सोडताना देतात. मशिदीत मोठ्या पातेल्यात शिजते आणि डबा घेऊन येणाऱ्यांना मिळते. २००१ पासून तमिळनाडू शासन या पेजेसाठी मशिदींना तांदूळ पुरवत आले आहे. दोन्ही द्रविड पक्षांच्या सरकारांनी ही प्रथा चालू ठेवली. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे मशिदी बंद होत्या, तेव्हा २,८९५ मशिदींना ५,४५० टन तांदूळ देऊन तो घरोघर वाटण्याचा निर्णय झाला. त्यास मद्रास उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

येथे पैसा करदात्यांचा आहे. म्हणून राज्यघटनेच्या २७ व्या अनुच्छेदाचा प्रश्न उपस्थित होतो. विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. हज अनुदानाच्या संदर्भात ‘प्रफुल्ल गोराडिया’ प्रकरणात (२०११) सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, कराच्या उत्पन्नाचा मोठा भाग अशा कामासाठी वापरला तरच या अनुच्छेदाचा भंग होतो. किरकोळ खर्चाने होत नाही. तरीही तमिळनाडूतील तांदळावर राजकीय वाद होऊ शकतो आणि तो करण्याचा नागरिकांना अधिकार आहे. उद्याचे सरकार हा तांदूळ बंदही करू शकेल.

हुसेनाबादच्या अन्नाबाबत तसे म्हणता येणार नाही. ‘सरकारी अधिकारी रमजानचे स्वयंपाकघर का चालवतो?’ असा प्रश्न कोणी विचारला, तर त्याचे उत्तर असे की, तो शासनाचा पैसा खर्च करत नाही, दुसऱ्याने सोपवलेली ठेव पोहोचवतो. मंदिराच्या देणगीतून चालणाऱ्या अन्नछत्रावर शासनाने प्रशासक नेमला, तर तो प्रसाद शासनाचा होत नाही. तसेच हे आहे. हा भेद स्पष्ट ठेवला, तर वादाचे निम्मे कारण उरत नाही.

सूर्यास्ताची मुदत

राहिला प्रत्यक्ष कारभार. तो वरवर दिसतो तितका सोपा नाही. इस्लामी वर्ष चांद्र असल्याने रमजान दरवर्षी सुमारे दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. आपल्या आर्थिक वर्षाला त्याची फिकीर नसते. २०२२ मध्ये भारतात रमजान ३ एप्रिलला सुरू झाला आणि त्यानंतरचा २४ मार्च २०२३ रोजी. म्हणजे २०२२–२३ या एकाच आर्थिक वर्षात दोन रमजानांचा आरंभ झाला. वार्षिक तरतूद ‘एका रमजानसाठी’ करणाऱ्या लिपिकाने चंद्रकोर पाहिली नाही, तर दुसऱ्या वर्षी पहिल्या दिवशीच चूल पेटत नाही. पुरवठ्याची निविदा, धान्याची तपासणी, लाभार्थ्यांची यादी, ही सर्व कामे चंद्रदर्शनाआधी संपली पाहिजेत. रस्त्याचे काम पंधरा दिवस उशिरा झाले तरी रस्ता होतो. सूर्यास्तानंतर पोहोचलेली इफ्तारी मात्र कामाची राहत नाही.

दुसरा प्रश्न यादीचा. गरजू कोण, हे ठरवताना जुनी नावे पिढीजात होतात, मेलेल्यांच्या नावे शिधा चालू राहतो आणि नव्याने शहरात आलेला उपाशी माणूस बाहेर राहतो. हा दोष आपल्या शिधापत्रिकांच्या इतिहासात आपण पुरेसा पाहिला आहे. अन्नछत्रालाही तो लागू आहे.

तिसरा प्रश्न विश्वासाचा, आणि तोच सर्वांत मोठा. शिया समाजातील अनेकांचा असा आक्षेप राहिला आहे की, संस्थेच्या मालमत्तेचा आणि उत्पन्नाचा हिशेब पुरेसा उघड होत नाही. २०१५ मध्ये हा असंतोष इतका वाढला की, आंदोलकांनी इमामबाड्यांच्या दरवाजांना टाळी लावली आणि पर्यटकांना प्रवेश मिळेनासा झाला. आक्षेपांची शहानिशा करणे हे या लेखाचे काम नाही. परंतु ज्यांच्या पूर्वजांच्या नावाने संस्था चालते, त्यांनाच तिच्या दारास टाळे लावावेसे वाटते, ही स्थिती कोणत्याही विश्वस्तासाठी चिंतेची आहे. जमाखर्चाचे एक पान दरवर्षी दारावर लावणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय असतो. किती धान्य आले, किती ताटे गेली, कोणत्या दुकानाचे भाडे किती वसूल झाले, हे वाचता येणाऱ्या प्रत्येकास वाचता यावे. जेरुसलेमच्या वह्या चार शतकांनंतर वाचता येतात. आपल्या वह्या त्याच वर्षी वाचता येण्यास अडचण नसावी.

सर जॉर्ज कूपरच्या स्मरणार्थ उभारलेल्या मनोऱ्यावरील घड्याळ १९८४ मध्ये बंद पडले. ते पुन्हा चालू होण्यास २०११ साल उजाडले. या मधल्या २७ वर्षांत २७ पेक्षा अधिक रमजान येऊन गेले. घड्याळ बंद असल्याने लखनौचे फारसे अडले नाही. स्वयंपाकघर इतकी वर्षे बंद राहिले असते, तर कोणाचे अडले असते, त्यांची नावे त्या यादीत आहेत. विश्वस्ताच्या खुर्चीवर बसणाऱ्या अधिकाऱ्याने खर्चाच्या प्रत्येक प्रस्तावावर सही करण्यापूर्वी ती यादी एकदा समोर ठेवावी, इतकीच अपेक्षा आहे.